शीलाचा तिरका भांग

शहाड मागे पडलं तेव्हा ऊन पाठीवर आलं होतं. कल्याणहून टिटवाळ्याच्या गणपतीला अंगारकीला चालत जायचं, हा आसावरी आणि तिची शेजारीण शीला यांचा बारा वर्षांचा नेम. आज मात्र शीलाचा पाय नीट उचलत नव्हता. लेकीचं लग्न चार दिवसांवर आलेलं आणि सकाळीच लेक रुसून बसलेली.

"शिवानी म्हणते, आई, लग्नात तरी भांग मधून पाड. एकच मागितलं तुझ्याकडे."

"मग पाड की."

"जमत नाही गं."

खोपटच्या एसटी डेपोत बावीस वर्षं कंडक्टर असलेली, दारुड्याला कॉलर धरून गाडीतून उतरवणारी बाई ही. आसावरीला हसूच आलं. तशी शीला थांबली आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं तिने भडाभडा सांगून टाकलं.

ती आठ वर्षांची असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर नागिणीचा सिनेमा लागला होता. मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटतो, नागीण तो बघून सूड घेते. त्याच आठवड्यात त्यांच्या डोंबिवलीच्या चाळीत मोरीत साप निघाला. वडिलांनी काठीने मारला. बॅटरी धरून शेजारी शीला उभी. मधून भांग, दोन वेण्या.

"म्हणजे फोटोत मीपण आले ना. दुसऱ्या दिवसापासून भांग तिरका. आईने धपाटे घातले, सासूने टोमणे मारले, पण नाही बदलला. खोटं आहे, कळतं मला. तरी कंगवा मध्ये आला की हात आपोआप बाजूला सरकतो."

"आणि तुझे वडील?"

"त्यांना टक्कल पडलं. सुटले."

दोघी हसत ओढ्यापाशी आल्या आणि गवतातून लांबलचक साप रस्त्यावर आला. शीलाने आसावरीचं मनगट आवळलं. साप दोन हातांवर थांबला, डोकं उचललं, आणि सळसळत पलीकडे निघून गेला.

शीलाच्या अंगावर काटा होता, पण डोळे लकाकत होते. "तोंडाकडे बघितलं गं त्याने माझ्या. सरळ. आणि गेला. त्यालाही कामं असतील."

"तिरका भांग बघून फसला असेल," आसावरीने चिडवलं.

शीला कडेच्या दगडावर बसली, भराभर केसांतले आकडे काढले आणि पर्समधला कंगवा आसावरीच्या हातात दिला.

"बाप्पासमोर जायच्या आत मधून पाड. माझा हात सरकेल, तू पाड. आणि लगेच फोटो काढून शिवानीला पाठव, म्हणजे मला परत बदलता येणार नाही."