किसनने जाळायला लावलेलं स्टेज

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत होतो. रोवणी ऐन भरात, पाय चिखलात. पलीकडून त्याचा मुलगा बोलत होता. मी तसाच बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसलो. झोपेतच गेला म्हणे. आयुष्यभर कुणाचं न ऐकणारा माणूस इतक्या मुकाट्याने जाईल, हे मला अजून पटत नाही.

आम्ही सानगडीचे, शाळेत एका बाकावरचे. त्याचे वडील तलावात जाळं टाकायचे. हा मात्र माशापेक्षा माशाच्या पोटातले जंत न्याहाळत बसायचा. शिकत शिकत तो सूत्रकृमींचा शास्त्रज्ञ झाला. पाइनची जंगलं उभीच्या उभी वाळवणाऱ्या रोगावर परदेशात काम केलं आणि निवृत्त होऊन गावी परतला. गावाने त्याला 'किडे डॉक्टर' करून टाकलं. कुणी शेळीचं औषध विचारी, कुणी दाढेचं. तो मात्र चहाच्या टपरीवरही पाइनचा रोग शिकवायचा. झाड मारतो तो डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी. पण त्याला स्वतःला दुसऱ्या झाडावर जाता येत नाही. लांब मिशांचा भुंगेरा त्याला अंगात घेऊन उडतो, कोवळ्या फांदीची साल कुरतडतो, आणि हा त्या जखमेतून आत शिरतो. मग झाडाचं पाणी तुटतं, हिरवंगार झाड बघता बघता तांबडं पडतं. "भुंगेरा नुसती एसटी आहे बे," तो म्हणायचा. "मारणारा पॅसेंजर आत बसून राहते."

या विद्येचा सानगडीत काय उपयोग, म्हणून मी त्याला चिडवायचो. इथे साग, मोह, बांबू... पाइन औषधालाही नाही.

मग एका दिवाळीच्या तोंडावर गावच्या राइस मिलमध्ये परदेशी मशीन आलं. त्याच्या पाइनच्या पेट्यांच्या फळ्या मिलवाल्या वसंताने मंडईला दिल्या. मंडई म्हणजे आमची दिवाळीनंतरची जत्रा, आणि तिचा जीव म्हणजे नाटक. मी समितीचा अध्यक्ष. पंचक्रोशीत नसेल असं स्टेज आम्ही ठोकलं. किसन आला, फळीला कान लावून बसला, आणि म्हणाला, "जाळा हे."

आत काहीतरी कुरतडत होतं, आणि लाकूड तापवून निर्धोक केल्याचा शिक्का एकाही फळीवर नव्हता.

"अबे, गावात पाइनचं एक झाड नाही," मी ओरडलो. "तुझा भुंगेरा खाईल काय?"

"इथं नाही खात. पर मंडई झाल्यावर ह्या फळ्या भंगारवाल्यालेच देशील ना? तो कोठं नेईल, तुले मालूम आहे?"

त्याने लाकडाचा चुरा आपल्या जुन्या प्रयोगशाळेत धाडला होता. उत्तर येईपर्यंत तरी थांब, मी विनवलं. "आतला उडून गेल्यावर कोनाले जाळू?" म्हणाला. गावात दोन तट पडले. म्हातारपणी डोकं फिरलं, असंही लोक बोलले. शेवटी, चूक निघाली तर सगळ्यांसमोर कबूल करीन, असं त्याने सांगितलं आणि समिती नरमली. स्टेज जळताना मी त्याच्याशी बोललो नाही.

नाटक शेवटी साध्या मातीच्या ओट्यावर ठरलं. त्याच दिवशी प्रयोगशाळेचा फोन आला. फळ्यांत सूत्रकृमी होते, पण साधे, बुरशीवर जगणारे. रोगाचे नव्हतेच. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. "कायले सांगतं लोकायले?" मी म्हटलं. तो हसला. नाटक सुरू व्हायच्या आधी त्याने माइक घेतला. "माझी चूक झाली. तो किडा त्या फळ्यांत नव्हता. तुमचं स्टेज फुकट जळलं." मग म्हणाला, "आन् उद्या अशी फळी पुन्हा आली, तं पुन्हा जाळीन."

मग मागून कुणीतरी शिटी मारली आणि मंडप हसत सुटला. त्या दिवशी नाटकातल्या हिरोलाही तेवढ्या टाळ्या पडल्या नाहीत. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं.

गेल्या आठवड्यात वसंताने मला मिलमध्ये बोलावलं. नवीन पेट्या, शिक्का नाही, एका फळीतून लाकडाचा ताजा भुसा गळतोय. मी हात फिरवून पाहिला. मला काय कळणार?

"किसनभाऊ असते तं?" वसंताने विचारलं.

"जाळलं असतं."

"आन् चुकले असते तं?"

"माइकवर सांगितलं असतं."

"मंग आता माइक कोन धरन?"

"मी," म्हणालो, आणि माचिस मागितली.