गारखेड्याची कॅसिओपिया

१४ डिसेंबर, रविवार. गारखेड्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर उन्हात टाकलेल्या गोधड्या खाली आणणे आणि मुलीचं लग्न जुळवणे, एवढी दोनच कामं होती.

तसं लग्न जुळल्यातच जमा होतं. ऋतुजा आणि अमोल एकाच ऑफिसात. त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. अमोलच्या आई पिशोरहून यायच्या, ‘हो’ म्हणायच्या, की झालं! सकाळीच ऋतुजानं मला बजावलं, “आई, हात जोडते, आज माझं कौतुक करू नकोस.”

“मी कधी करते?” (यावर सगळं घर हसलं. घर म्हणजे फक्त हे. पण हसले मोठ्यानं.)

चहा-पोहे छान झाले. अंधार पडला आणि मला गोधड्या आठवल्या. मी उठले तशी पाहुणेमंडळीही, म्हणजे अमोल आणि त्याच्या आई, ऋतुजाबरोबर गच्चीवर आली. अमोलच्या आईंच्या हातात मी तीन गोधड्या दिल्या. (पाहुण्यांना काम सांगू नये, पण दव पडायला लागलं होतं!)

“त्या पाच चांदण्या कशाच्या गं?” त्यांनी वर बघत विचारलं.

“शर्मिष्ठा,” ऋतुजा म्हणाली. “ग्रीक लोक कॅसिओपिया म्हणतात. राणी होती. जलपऱ्यांपेक्षा माझी पोर देखणी, अशी फुशारकी मारली तिनं. समुद्रदेव भडकला, राक्षस धाडला. मग त्याच्यापुढं पोरीलाच खडकाला बांधायची वेळ आली.”

“आन् आईला?”

“खुर्चीसकट आभाळात टांगलं. निम्मी रात्र डोकं खाली, पाय वर.”

“बरी अद्दल घडली!” मी म्हणाले. “पोरीचं एवढं कौतुक कुणी करतं? आता आमची ऋतुजाच घ्या. हिच्यासारखी बाजरीची भाकरी पिशोरात काय, अख्ख्या कन्नड तालुक्यात कुणाला जमायची नाही. पण मी बोलते का कधी?”

ऋतुजानं डोळे मिटले. (तिनं जन्मात भाकरी फक्त खाल्ली आहे!)

“व्हय का?” अमोलच्या आईंनी गोधड्या कठड्यावर ठेवल्या. “कन्नड तालुक्यात मी बी येते, ताई. चला, बघू तर!”

झालं! पोर परातीपुढं उभी. पहिली भाकरी थापतानाच दुभंगली. दुसरी तव्यापर्यंत पोचली, पण तुकड्यातुकड्यांनी. ह्यांनी हळूच विचारलं, “लाईट घालवू का?”

तेवढ्यात अमोलनं बाह्या सरसावल्या. “काकू, पीठ जुनं आहे. उकळतं पाणी घ्या.” आणि पठ्ठ्यानं अशी भाकरी थापली, की तव्यावरून आचेवर जाताच टम्म!

“आरं, घरी तू पाण्याचा तांब्या उचलत नायस!” त्याची आई ओरडली.

“तू उचलू देतेस का? रूमवर राहून शिकलो.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चावला, माझ्याकडं बघितलं. मी उगाच परात पुसायला घेतली.

“पोरीला भाकरी येत नाय, आन् तुम्हाला खोटं बोलता येत नाय. पण माझ्या पोराला लई झकास येतीय, तर मग सुनेला कशाला यायला पायजे? फोडा सुपारी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या मी धाकट्या बहिणीला फोन लावला. “अगं, असा जावई अख्ख्या मराठवाड्यात कुणाला मिळायचा नाही!”

तिला दोन जावई आहेत, हे फोन कट झाल्यावर आठवलं.