डावीकडे ओढणारी गाडी

सुजाताचा फोन आला तेव्हा मी नालवाडीच्या चक्कीवर दळणासाठी उभा होतो. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली ती. चक्कीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून तिनं ते पुन्हा सांगितलं. ऐकू आलंच होतं. माझा नंबर आला, डबा भरला, गरम पिठाचा डबा पोटाशी धरून मी आधी घरी गेलो, तो ओट्यावर ठेवला, आणि मग पिपरी मेघेला प्रल्हादच्या घरी निघालो. माणूस गेल्याचं कळल्यावर कोणी पीठ घरी नेऊन ठेवतं का? पण नेलं खरं. काही आठवडे झाले आता त्याला. एव्हाना थोडं सावरायला हवं होतं, पण सकाळी उठलो की आधीच दमलेला असतो मी.

प्रल्हाद आणि मी पाणीपुरवठ्याच्या एकाच कचेरीत नोकरीला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. तो माणूस हट्टी होता, हे मेल्यावरही सांगायला हवं, नाहीतर त्यालाच आवडणार नाही. निवृत्तीनंतर त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात आणि डावा पाय काही दिवस ऐकेनात. मालिश, व्यायाम, डॉक्टरांच्या चकरा सगळं झालं, हात पुष्कळ सुधारला. डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली आणि या बहाद्दरानं दुसऱ्याच आठवड्यात नवीकोरी मोटारसायकल दारात आणून उभी केली. बायको आधीच गेलेली, घरात तो आणि मुलगी सुजाता. तिनं आठ दिवस बापाशी अबोला धरला. पण त्याला दर रविवारी हिंगणीला मोठ्या बहिणीकडे जायचं असे, आणि बसनं गेलो तर बहीणबाई मला पाहुणा समजते, असं त्याचं म्हणणं.

गाडी आणली ती आणली, वर तिला एक दणदणीत हॉर्न बसवून घेतला. बोरच्या जंगलाकडच्या त्या रस्त्यावर रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, आडवे येतात, हे खरं आहे. आमच्याकडे त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण असला हॉर्न बसवतोच. पुढे एकदा मी मागे बसलेलो असताना एक रोही मधोमध उभा राहिला. प्रल्हादनं हॉर्न असा काही वाजवला की माझ्या कानठळ्या बसल्या. रोही शांतपणे आमच्याकडे पाहत राहिला आणि त्याच्या सवडीनं गेला.

पण ते नंतरचं. आधी झालं असं की गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावर सारखं हँडल उजवीकडे दाबून धरावं लागायचं, आणि वळणावर ती लवकर सरळ होईना. सुजातानं ऐकलं आणि तिला जे म्हणायचं होतं ते तिच्या तोंडावरच दिसलं. शोरूममधल्या पोरानं चाकातली हवा कमी केली. नव्या गाडीत ती जास्तच भरलेली असते म्हणाला, आणि वर, "काका, गाडीत काही नाही, हाताला सवय होऊ द्या." हाताला! मग नालवाडीच्या मेकॅनिकनं मागचं चाक थोडं तिरपं बसलंय म्हणून साखळी सोडून पुन्हा बसवली. चाक तिरपं होतं खरं, पण ओढ गेली नाही. एका संध्याकाळी प्रल्हाद माझ्याकडे आला, चहा घेतला नाही, आणि म्हणाला, "वसंता, तू चालवून पाय. मले खरं सांगजो. गाडी वढून राह्यली का माह्या हातच लुळा पडून राह्यला?"

मी चालवली. मलाही ती डावीकडे जातेय असं वाटलं, पण शपथेवर सांगता येईना. माझी मोटारसायकलची सवय सुटलेली. शिवाय खोटं बोलून त्याला रस्त्यावर पाठवायचं आणि काही झालं तर सुजाताला काय तोंड दाखवायचं? म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघंच त्याच्या अंगणात बसलो. गाडी मोठ्या स्टँडवर लावली, मी मागून दाबून पुढचं चाक अधांतरी केलं, आणि तो हँडल हळूच हलवून सोडून द्यायचा. डावीकडे सोडलं की ते डावीकडेच पडून राहायचं. उजवीकडे वळवून सोडलं की मात्र थोडं थांबून गुपचूप परत डावीकडे सरकायचं. आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी तेच.

"हे तं कोनी धरून राह्यलं असं वाटते," तो म्हणाला, आणि डावा हात हेडलाइटच्या मागे घातला. तोच हात, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता. बराच वेळ चाचपत राहिला. मग म्हणाला, "वसंता, तार ताणून हाय इथं." त्या हॉर्नच्या वायरी! दुकानवाल्यानं बाकीच्या वायरींसोबत त्यांची एकच मोळी करून प्लास्टिकच्या पट्टीनं सांगाड्याला करकचून आवळली होती, वळायला जागाच ठेवली नव्हती. हँडल उजवीकडे गेलं की ती मोळी त्याला मागे खेचायची. सुजाता स्वयंपाकघरातली कैची घेऊन आली आणि पट्टी तिनंच कापली. मग बाप गाडी घेऊन वसाहतीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. आम्ही दोघं फाटकात उभे. गाडी सुतासारखी सरळ येत होती. उतरल्यावर तो हसला वगैरे नाही. तोंड फिरवून उभा राहिला, आणि खांदे हलताना मला दिसले. "माह्या हातात काई नाई झालं," एवढंच म्हणाला. मला त्या दिवशी किती आनंद झाला हे लिहून सांगता येणार नाही.

त्या आनंदावर वर्षभर चाललं. मग पावसाळा संपता संपता तो एके दिवशी पुन्हा माझ्या दारात आला, गाडीवरून न उतरता. "पुन्हा वढून राह्यली." मी वायरी पाहिल्या, ढिल्या होत्या. हवा पाहिली, साखळी पाहिली. स्टँडवर हँडल दोन्हीकडे सारखंच पडत होतं. मग मी ती मोठ्या रस्त्यावर नेली, हळू चालवली, जोरात चालवली, परत आणली. तो ओट्यावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला वाटलं, देवा, हे काम दुसऱ्या कोणाला तरी दे…

"सांग बे."

"गाडी सरळ हाय, पल्हाद."

त्यानं डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली. मग म्हणाला, "चाबी राहू दे तुह्यापाशी. सुजातीले मीच सांगतो, तू नको सांगू." आणि उठताना म्हणाला, "तू सांगितलं ते बरं केलं. दुसऱ्या कोनाचं म्या ऐकलं नसतं."

त्यानंतर दर रविवारी मी चालवायचो आणि तो मागे. खरं तर मला कंटाळा यायचा. पाठ दुखायची, आणि हा मागे बसून सूचना देणार, खड्डा आला, म्हैस आली. सेलूच्या पुढे गेलं की तो डावीकडे कलू लागायचा. "सरळ बस ना," मी ओरडायचो. "सरळच बसलो हाओ न बे, तूच काऊन हलून राह्यला?" त्याला ते कळतच नव्हतं. त्याच्या अंगाच्या त्या बाजूला आता तेवढी खबर राहिली नव्हती. मग मी बोलणं सोडून दिलं आणि हिंगणीपर्यंत थोडा उजवीकडे झुकून गाडी सांभाळायला लागलो. दुसरा झटका त्याला दुपारी झोपेतच आला.

सुजातानं गाडी मलाच ठेवायला सांगितली. परवाच्या रविवारी त्याच्या बहिणीला भेटायला मी एकटा हिंगणीला निघालो. सेलू मागे पडलं आणि गाडी उजवीकडे जायला लागली. मी बाजूला उभी केली. दोन्ही चाकं दाबून पाहिली, साखळी पाहिली, वायरी हलवून पाहिल्या. कुठे काहीच नव्हतं. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. पुन्हा थांबलो. उन्हात उभं राहून शिव्या दिल्या, शोरूमला, मेकॅनिकला. आणि मग सीटवर बसता बसता लक्षात आलं की मीच उजवीकडे झुकून बसतोय… मागे डावीकडे कलणारं कोणी नव्हतं.

अंग सरळ करून बसलो आणि निघालो. थोडं पुढे गेलो असेन, गाडी पुन्हा उजवीकडे जाऊ लागली. या वेळी मी थांबलो नाही. तसाच हिंगणीपर्यंत गेलो.