पॅसेजमधला दुरंगी फ्रीज

आमच्या घरात दोन फ्रीज आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे श्रीमंतीचा आरोप व्हायचा तो होऊन जाईल. मोठा, चंदेरी, दोन दारांचा स्वयंपाकघरात आहे, तो बायकोचा. छोटा, एका दाराचा पॅसेजमध्ये आहे, तो आईचा. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिनं कामोठ्याची खोली सोडली आणि नेरुळला आमच्याकडे आली, तेव्हा बाकी सगळं वाटून टाकलं आणि एवढा फ्रीज टेम्पोत घालून आणला. त्यात तिचा जवळा, सोडे, सुके बोंबील. दुधाशेजारी सुकी मासळी ठेवायला बायकोची हरकत होती, आणि सुकी मासळी नसलेल्या घरात राहायला आईची. त्यामुळे पॅसेजमध्ये उभा होता तो फ्रीज नव्हता, तह होता.

खाडीच्या वाऱ्यानं त्या तहाला गंज धरला. दाराखाली पोपडे सुटले, फरशीवर तांबडे ओघळ आले. बायको म्हणाली, "दसऱ्याला ताई आणि भावोजी येणार आहेत. तोवर याचं काहीतरी करा, नाहीतर मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकते."

आई आतून म्हणाली, "दे हो. मलाही त्यातच घाल. बदल्यात काय मिळतंय ते बघ."

मी कुणाला दुखावत नाही, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे माझ्यात तेवढी धमक नाही. वरच्या मजल्यावर भांडं पडलं तरी मला वाटतं, आपलंच काही चुकलं. दोघींकडे पाहून मी जाहीर केलं, की फ्रीजला मी स्वतः स्प्रे पेंट मारीन.

मग अभ्यास सुरू झाला. मी व्हिडिओ पाहिले. त्यातला परदेशी गृहस्थ आमच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा मोठ्या गॅरेजमध्ये उभा राहून "घरातली कुठलीही मोकळी जागा चालेल" असं सांगत होता. हार्डवेअरच्या दुकानात डब्यांची भिंतच होती. ग्लॉसी, मॅट, सॅटिन, आणि एक हातोडीनं ठोकल्यासारखा दिसणारा, तो मुद्दाम विकत का घ्यायचा हे मला अजून कळलेलं नाही. दुकानदारानं विचारलं, "कशाला मारायचाय?"

"फ्रीजला."

"हा घ्या. बाइकच्या सायलेन्सरचा आहे. कितीही तापला तरी सुटत नाही."

"अहो, फ्रीज तापत नाही."

"मग तर अजिबातच सुटणार नाही!"

मी तो घेतला नाही, आणि त्याला वाईट वाटलं असेल म्हणून गरज नसताना एक पाना घेतला.

खरा प्रश्न रंगाचा होता. बायको म्हणाली, "चंदेरीच आणा. मोठ्याला मॅच व्हायला हवा."

मी म्हणालो, "तेच माझ्या मनात होतं."

आई म्हणाली, "होता तसाच लाल कर रे. मला त्या हॉस्पिटलच्या कपाटासारखा नको."

मी म्हणालो, "तेच माझ्या मनात होतं."

दोन्ही रंग आणले. उपाय सुचला तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला, तिथंच सावध व्हायला हवं होतं. आमच्या हॉलमधून फ्रीजची फक्त बाजू दिसते. आईच्या पलंगावरून फक्त दार दिसतं. बाजू चंदेरी केली, दार लाल. हॉलमधून पाहणाऱ्याला एक फ्रीज, खोलीतून पाहणाऱ्याला दुसरा. माझं आजवरचं सगळं आयुष्य कुणीतरी पॅसेजमध्ये उभं करून ठेवावं, तसा तो दिसत होता.

हे काम मी गॅलरीत केलं. गंज घासला, प्रायमर मारला, वर्तमानपत्रं लावली. वाऱ्यानं थोडा लाल फवारा खाली नेला आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "माझ्या पांढऱ्या शर्टावर गोवर कुणी आणला?" कुणी संशय घ्यायच्या आत मी माफी मागितली. त्यानंतर महिनाभरातल्या गळतीचा आणि पार्किंगचा दोषही ग्रुपनं माझ्याकडे वळवला, आणि तो मला जवळपास पटला.

चूक मात्र वेगळीच झाली. दाराच्या कडेचं रबर कळकट दिसत होतं. डब्यात चंदेरी रंग उरला होता. म्हटलं, एवढं केलंय तर यालाही एक हात मारू. रबर झळाळलं. दसऱ्याच्या आदल्या रात्री रंग ओला असतानाच मी दार लावून टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी आईनं पूजेसाठी घरातली सगळी यंत्रं पुसली. मिक्सरला कुंकू लावलं, वॉशिंग मशीनला झेंडू वाहिला, आणि आपल्या फ्रीजचं दार ओढलं. ते येईना. तिनं दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा दार आलं आणि रबर कोपऱ्यापासून अर्धं फाटून लोंबायला लागलं. "सोन्यासारखं केलंस हो," आई म्हणाली. लोंबतं रबर आत कोंबून तिनं दार टेकवलं आणि वरून झेंडूची माळ घातली.

दुपारी मेव्हणी आणि साडू सोनं घेऊन आले. साडूंनी नऊ दिवस कांदासुद्धा खाल्ला नव्हता आणि हे ते प्रत्येक वाक्यात सांगत होते. हॉलमधून पाहून म्हणाले, "वा, नवीन फ्रीज!" बायकोनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. हात धुवायला ते पॅसेजमध्ये गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे, इथे दुसरा लाल आहे! आणि यात काय मेलंय?"

"जवळा," आई शांतपणे म्हणाली. "कधीचाच मेलाय."

श्रीखंडाची वाटी हातात धरून सगळे नाक दाबून बसले. शेवटी बायको उठली, आईचे डबे एकेक करून उचलले आणि मोठ्या फ्रीजच्या तळाच्या खणात ठेवून दार लावलं. वास थांबला. इतकी वर्षं जे मी दोघींना विचारलंही नव्हतं, ते तिनं साडूंच्या दुसऱ्या वाटीआधी उरकलं.

पाहुणे गेल्यावर आई रिकाम्या फ्रीजपाशी उभी होती. "आता हा जाणार ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात बायकोनं विचारलं, "डबे तर इकडे आले. तो आता द्यायचा ना?"

तेच माझ्या मनात होतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं. आई दारातच उभी होती. "नाही," मी म्हणालो. "रबर बदलून घेतो. तो आईचा आहे." दोघींना एकच उत्तर देण्याची सवय नसल्यामुळे मला घाम फुटला.

बायकोनं भांडी जरा जोरात ठेवली. मग म्हणाली, "निदान एका रंगाचा तरी करा."

"नको गं," आई म्हणाली. "त्याच्या हातात पुन्हा तो डबा देऊ नकोस. गंज परवडला, निदान सगळीकडून सारखाच दिसायचा."

दोघी हसल्या. रबर बसवायला माणूस आला, तेव्हा आईनं डबे परत नेले. जवळ्याचा मात्र विसरली. तो अजून मोठ्या फ्रीजमध्येच आहे, बायकोनंही तो परत दिलेला नाही, आणि कुणी कुणाला आठवण करून द्यावी, हे मी अजिबात ठरवणार नाही.