कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

आमच्या वेळी छंद हा शब्द फक्त निबंधात असायचा. 'माझा आवडता छंद' असं लिहायला सांगितलं की आम्ही सगळ्या मुली बागकाम लिहायचो. बाग कुणाच्याच दारात नव्हती, शेतं होती, आणि शेतात करायचं ते काम. सातवीनंतर शाळा सुटली तसा तो शब्दही सुटला. पुढे लग्न होऊन नाशिक रोडला आले. यांची सरकारी नोकरी, पाळीची ड्युटी, मुलीची शाळा. शिवणकाम, विणकाम सगळं केलं, पण ते गरजेपोटी. आवडीनं आणि बिनकामाचं असं काही मी पहिल्यांदा केलं ते साठी उलटल्यावर. तोच हा फोटोंचा नाद.

कॅमेरा मुलीचा. नोकरी लागल्यावर हौसेनं घेतला, दोन वर्षं मिरवला, मग बंगळूरला जाताना माझ्या कपाटात ठेवून गेली. "आई, फोन असताना आता हे कोण वागवतं? विकून टाक," म्हणाली. मी बरं म्हटलं आणि विकला नाही. गौरीच्या मुखवट्यांशेजारी तो पडून राहिला. एकदा उन्हाळ्यात कपाट आवरताना त्याला हातात घेतलं, डोळ्याला लावलं आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया इतक्या जवळ आल्या की हात लांब करून एक मोडून खावी. झालं. तेव्हापासून तो कपाटात गेला नाही.

शिकवायला कोण? फोनवरच्या व्हिडिओतली पोरं. बहुतेक हिंदीत बोलतात आणि घाईनं. अपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक लहानमोठं करणं, हे मला त्यांच्या आकड्यांनी कळलंच नाही. एक दिवस सुईत दोरा ओवत होते, डोळे बारीक केले आणि नेढं स्पष्ट दिसलं. म्हटलं, अगं बाई, हेच ते. डोळा बारीक केला की उजेड कमी पण दिसायला नेटकं. उजेडाचंही तसंच. ती पोरं म्हणायची, माणसाचा चेहरा खिडकीच्या उजेडात घ्या. हे मला कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर मी तांदूळ दारात बसून निवडले आहेत. भर उन्हात खडा दिसत नाही, घराच्या आतही दिसत नाही. उंबऱ्याशी, एका अंगानं येणाऱ्या उजेडात तो बरोबर दिसतो. तांदळातला खडा जिथे दिसतो, तिथे माणसाच्या चेहऱ्यावरचंही सगळं दिसतं.

एक खोड मात्र जाता जात नव्हती. मी कशाचाही एकच फोटो काढायचे. मुलगी फोनवर चिडायची, आई, यात रीळ नसतं, संपत नाही, दहा काढ. कळायचं सगळं, पण बोटाला कोण सांगणार? लग्नकार्यात फोटोवाला एका रिळात अख्खी वरात बसवायचा, तेच अंगात मुरलेलं.

यंदा जानेवारीत मुलीनं घरच्या ग्रुपवर विचारलं, नव्या वर्षात कोण काय करणार? जावयांनी धावणं लिहिलं, यांनी गुडघे सांभाळणं लिहिलं. मी लिहिलं, आक्काचा एक चांगला फोटो काढणार.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नामपूरला दिलेली. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिचा आवाज आठवत नाही, चेहरा तर नाहीच. आक्कानं शाळा सोडली, चूल धरली आणि मला वाढवलं. माझ्या सातवीपर्यंतच्या शाळेचं सगळं श्रेय तिचं. आईचा एकही फोटो नाही. आक्काचाही नाही म्हटलं तरी चालेल. लग्नांच्या घोळक्यात ती कुणाच्या तरी पाठीमागे असते, कारण फोटोवाला हाक मारायचा तेव्हा ही आत पंगतीचं बघत असायची. आधार कार्डावर एक आहे, त्यात ती कुणाच्या तरी बकऱ्या चोरून पकडली गेल्यासारखी दिसते. आईच्या बाबतीत जे झालं ते आक्काच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

पण आक्का फोटो काढू द्यायची नाही. तिच्या पुढच्या खोलीत भिंतीवर तीन फोटो आहेत, सासऱ्यांचा, सासूबाईंचा आणि आमच्या दाजींचा. तिघांनाही म्हातारपणी बळेबळे स्टुडिओत नेलेलं, नवी टोपी, नवं लुगडं. आणि तिघंही त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत गेले, फोटो मोठे झाले, हार चढले. आमच्या तिकडे म्हाताऱ्या माणसाला एकट्याला फोटोसाठी बसवलं की गल्ली समजून जाते. मी विषय काढला की आक्का आपल्या अहिराणीत म्हणायची, "मना फोटो कशाले? मी काय मरेल शे का?"

मी म्हणायचे, अगं जिवंत आहेस म्हणून तर काढायचा. तिला ते पटायचं नाही. शेवटी गणपतीत फोनवर मी जरा रडवेली झाले असेन, तेव्हा ती म्हणाली, "दसराले ये. मंग दखू."

दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याला आपट्याचं सोनं द्यायचं, पाया पडायचं. त्या दिवशी मागितलेलं थोरल्यानं सहसा मोडू नये, हे आक्का पाळते. मला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं.

आता त्या दिवसाचं ऐका. दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरी यंत्रांची पूजा असते. यांनी नोकरीत जन्मभर मशीनची पूजा केली, त्यामुळे निवृत्तीनंतर घरातलं एकही यंत्र सुटत नाही. स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याची मोटार, यांचं रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा. सगळी पाटावर नाहीतर जागच्या जागी, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मी म्हटलं, आज माझ्या कॅमेऱ्याचं मोठं काम आहे, त्यालाही मांडा. यांनी तो पाटावर ठेवला आणि पुढचं झाकण काढलं. तोंड झाकलेल्याची पूजा करत नाहीत, असं यांचं म्हणणं. मला ते बरोबरच वाटलं. काचेवर कुंकू लावू नये एवढं मला कळत होतं, म्हणून मी यांना म्हटलं, काचेला नको, वरच्या कड्यावर लावा. दिसणं स्पष्ट करायचं ते फिरतं गोल कडं अगदी कपाळासारखं होतं. यांनी ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि फुलानं पाणी शिंपडलं. मी हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, आज तेवढी लाज राख.

सातारा-कोल्हापूरच्या लोकांना सांगते, नाशिकहून सटाण्यावरून नामपूर गाठायचं तर एसटीनं चांगला अर्धा दिवस जातो. गाडीला झेंडूच्या माळा, चालकापुढे नारळ, आणि रस्ता असा की पोटातलं पाणी तर हललंच, पिशवीतल्या कॅमेऱ्याच्या पोटातही काय काय हललं असेल.

पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्का तयार होऊन बसली होती. नवं लुगडं, डोक्यावर पदर, लोखंडी खुर्ची ओट्यावर मधोमध, दोन्ही हात मांड्यांवर. मी सोनं दिलं, पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि खुर्चीत जाऊन पुन्हा तशीच ताठ बसली. इंजेक्शन घ्यायला बसलेल्या माणसासारखी.

मी पायापासून डोक्यापर्यंत सगळी यावी म्हणून लांब उभी राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला. आक्का दिसेच ना. नुसता हिरवा-पांढरा ढग. कडं फिरवायला गेले तर आतून करकर झाली आणि ते अडकलं. पुढे नाही, मागे नाही. जोर लावला तेव्हा बोटाला लाल लागलं, आणि मला सकाळची पूजा आठवली.

इतक्या महिन्यांनी ती बसली होती आणि पुन्हा बसेल याची खात्री नव्हती. मुलीला फोन लावला. तिनं आधी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, तोंडावर हात धरून. हसत होती, नंतर कळलं. मग म्हणाली, कुठे तरी काही तरी स्पष्ट दिसत असेलच, जवळ किंवा लांब, ते शोध. आणि पुढे म्हणाली, "आई, कडं फिरत नाही ना? मग तू फीर."

मी ओट्यावर मागे गेले, पुढे गेले. आक्काचं तोवर मन उठलं. यंत्रच बिघडलं म्हटल्यावर तिला सुटल्यासारखं झालं असावं. आत जाऊन नवं लुगडं बदलून आली आणि उंबऱ्यात पाय पसरून बसली. कांदाचाळीत साठवलेल्यातले राहिलेले कांदे पाटीत होते, त्यातले कोंब आलेले ती वेगळे काढायला लागली. कोंबांची भाजी करायची होती, मला आवडते म्हणून. मी तशीच कॅमेरा डोळ्याला लावून तिच्याकडे सरकत राहिले. ढग, ढग, ढग, आणि अगदी हातभर अंतरावर आल्यावर एकदम तिचा गाल दिसला. हनुवटीवरचं गोंदण दिसलं. कपाळावरचं गोंदण, त्याच्या भोवतीच्या बारीक रेषा, सगळं. उंबऱ्याचा उजेड, तांदूळ निवडायचा. इतक्या जवळून मी आक्काला कधी पाहिलं होतं? लहानपणी ती माझी वेणी घालायची तेव्हा माझी तिच्याकडे पाठ असायची.

"काय व्हयनं त्या यंत्रले?" तिनं विचारलं. मी सांगितलं. पाट, यांनी झाकण काढणं, कपाळ समजून लावलेलं कुंकू, वर अक्षता, वर पाणी. आक्का ऐकत होती, कांदे निवडत होती. दाजी गेल्यापासून तिच्या कपाळाला कुंकू नाही, आणि हे सांगताना मध्येच माझी जीभ अडखळली. तिनं ते ओळखलं. हातातला कांदा तसाच धरून म्हणाली, "मले कोणी कुंकू लावत नही ते बरं शे. नही तं मी बी आंधळी व्हयनी असती."

आणि हसली. आधी गालात, मग सगळी. पुढचा एक दात नाही तिथपर्यंत. मी बटण दाबलं. एकदा नाही. त्या दिवशी माझं बोट पहिल्यांदा रीळ विसरलं.

मागच्या पडद्यावर तिला दाखवलं. मला वाटलं, म्हणेल पाय कापलेस, लुगडं जुनं, दात पडलेला. तिनं हात पदराला पुसले, कॅमेरा घेतला, उजेडाकडे धरला. मग इतक्या हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं.

"ही तं माय शे."

आईचा चेहरा तिला आठवतो. तिच्या मनात तो आई गेली त्या वयाचाच राहिला होता, आणि आता तिनं तो स्वतःच्या तोंडावर म्हातारा झालेला पाहिला. मी पाहत राहिले. मला पहिल्यांदा कळलं की आपली आई हसताना अशी दिसली असती.

मग आक्का म्हणाली, आता तू बस. मी उंबऱ्यात बसले, तिनं कॅमेरा धरला. कडं अडकलेलंच, म्हणून तीही तशीच सरकत सरकत माझ्या तोंडाशी आली. तिचा श्वास मला लागत होता. त्या फोटोत माझा एकच कान आलाय आणि नाक जरा मोठं. पण डोळे स्पष्ट आहेत.

नाशिकला आल्यावर कॅमेरा दुरुस्तीला नेला. दुकानदारानं कडं उघडून तांदळाची कणी चिमट्यानं काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, मावशी, दसरा झाला की असे चार-दोन येतातच. मला फार बरं वाटलं. म्हणजे आपल्यासारखे भाविक बरेच आहेत. काचेच्या कडेला जरा गुलाबी झाक राहिली आहे. त्यानं ती काढायला पुढच्या महिन्यात या म्हटलं. मी गेले नाही अजून. यांना मात्र सांगून ठेवलंय, पुढच्या दसऱ्याला कुंकू पट्ट्याला.

दोन्ही फोटो मोठे करून नामपूरला पाठवले. आक्कानं ते पुढच्या खोलीत लावू दिले नाहीत. स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, शेजारी शेजारी लावून घेतले. दिवाळीत तिची सून सवयीनं घरातल्या सगळ्या फोटोंना झेंडूचे हार घालत आली आणि आक्काच्या फोटोलाही घालून गेली. आक्का चुलीपुढेच बसली होती. उठली, हार काढला आणि मिक्सरला घातला.

हे तिनं मला फोनवर सांगितलं. पुढे म्हणाली, गल्लीतल्या दोघी-तिघी फोटो पाहून गेल्या, त्यांना पण काढून हवेत, हसतानाचे. स्वयंपाकघरात लावायचे म्हणतात. कधी येतेस?