रांगेतली मोकळी जागा

जुन्या इंग्रजी रॉक बँडांवर मी व्हिडिओ बनवतो. धरणगावहून जळगावला येताना एसटीत मोबाइलवर असाच एक जोडत होतो. ड्रमर वारला म्हणून बाकीच्यांनी बँडच मोडला, अशी त्यातली गोष्ट. शेजारचे आबा वाकून बघत होते. त्यांची उजव्या हाताची तीन बोटं मांडीवरच्या पिशवीवर सारखी दाबत होती. लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, हे पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"बँड मोडी टाका?" त्यांनी विचारलं.

"हो आबा."

"आम्ही नही मोडा. लग्नास्न्या सुपाऱ्या लियेल व्हत्या. ढोलवाला गया, तं रांगमा त्यानी जागा मोकळी ठेवी अन् वाजाडत चालनूत." मग हळूच म्हणाले, "आते रांगच नही."

"तुमचं काही रेकॉर्डिंग आहे?"

"शे ना. लोकेस्ना लग्नाना व्हिडिओमा. घोडावर नवरदेव येस तोवर आम्ही दिसतस."

जळगावला ते उतरून गेले. त्यांचं नाव, बँडचं नाव, मी काहीच विचारलं नाही. साता समुद्रापलीकडच्या ड्रमरची जन्मतारीख मात्र मला पाठ आहे.

आता कुणाकडे लग्नाची जुनी सीडी लागली की मी पुढे सरकून बसतो, बँडच्या रांगेत ती मोकळी जागा शोधतो. तेवढ्यात नवरदेव येतो.