माशांसाठी अंथरलेलं

माझं अक्षर वाईट, शुद्धलेखनाच्या चुकाही होतील. शाळा चौथीपर्यंतच झाली, सांभाळून घ्यावं.

काल यांचा डबा घेऊन बंगल्यावर गेले. हे गवंडी. तिथं अंगणात रंगीत जपानी माशांसाठी तळं बांधतायत. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरला तर मासे मरतात, म्हणून आत जाड रबरी कापड अंथरायचं ठरलंय. ते फाटू नये म्हणून हे खड्ड्यात अनवाणी फिरत तळपायानं खडे शोधत होते. इतकं जपून पाऊल टाकताना मी यांना कधी पाहिलं नव्हतं. आमच्या खडबडीत मोरीत बसून धुणं धुताना माझे घोटे सोलतात.

"अहो, एकदा आपल्या मोरीतही असंच फिरा की."

"का, तू मासा आहेस?"

बिगारी हसले. पदर तोंडाला लावून मीही हसले, पण आतून जळत होते. मासे अजून आलेसुद्धा नव्हते.

कापडाचा उरलेला तुकडा कडेला पडला होता. मी कधी कुणाकडे काही मागत नाही. तो मात्र बंगल्याच्या मालकीणबाईंकडे मागितला.

आज त्याच्यावर बसून धुणं धुतलं. माशांच्या आधी.